लेबर रूममध्ये स्टुडंट मिडवाइफच्या बाजूला उभं राहताना

मिडवाइफरीच्या, म्हणजे बाळंतपण करायला शिकणाऱ्या मुलींचं क्लिनिकल पोस्टिंग आमच्या लेबर रूमला लागायला लागलं आणि प्रीसेप्टर, म्हणजे वॉर्डात त्यांना शिकवणारी सिस्टर म्हणून माझं नाव लिहिलं गेलं. तेव्हा पहिली गोष्ट हीच कळली की बाळंतपण करता येणं वेगळं आणि करायला शिकवणं वेगळं, आणि ह्या दुसऱ्या कामाची तयारी आपल्याकडून कोणी करून घेत नाही. ड्युटी तीच, पेशंट तेवढेच, रजिस्टर तेवढंच, फक्त बाजूला दोन-तीन मुली येऊन उभ्या राहतात आणि सगळे धरून चालतात की आपलं बघून बघून त्या शिकतील. इंटरनॅशनल कॉन्फेडरेशन ऑफ मिडवाइव्ज म्हणजे आयसीएमच्या शिक्षणाच्या स्टँडर्डमध्ये लिहिलंय की कोर्सचा किमान ४० टक्के भाग थिअरी आणि किमान ५० टक्के प्रॅक्टिकल पाहिजे. म्हणजे अर्धं शिक्षण वॉर्डात होतं, आणि ते चांगलं झालं की वाईट हे त्या दिवशी ड्युटीवर कोण आहे ह्यावर ठरतं. हे मला फार गंभीर वाटतं, म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहितेय.

मुली आल्या की त्यांचं सगळं लक्ष लॉगबुकात, म्हणजे केलेल्या केसेस सही घेऊन नोंदवायच्या वहीत असतं. त्यांचा दोष नाही त्यात, लॉगबुक भरलं नाही तर परीक्षेला बसता येत नाही. आकडे तर सगळीकडेच आहेत, युरोपियन युनियनच्या नियमातसुद्धा मिडवाइफ व्हायला किमान ४० बाळंतपणं स्वतः करायला लागतात, आणि केसेस कमी असतील तर किमान ३० स्वतः आणि वर २० मध्ये मदत. आकडा नको असं मी म्हणत नाही, हाताला सवय पाहिजेच. पण आकड्यामागे धावताना काय होतं ते मी रोज बघत होते. मुलगी इकडे तिकडे फिरत राहणार, डोकं दिसायला लागलं की कोणीतरी हाक मारणार, ही धावत येऊन ग्लोव्हज घालणार, बाळ हातात घेणार, सही घेणार आणि लगेच पुढच्या टेबलकडे. त्या बाईचं नाव तिला माहीत नाही, कळा कधी सुरू झाल्या माहीत नाही, पाणी कधी गेलं, रंग कसा होता, काहीच नाही, आणि लॉगबुकात मात्र लिहिलं जातं की डिलिव्हरी कंडक्ट केली. एका मुलीकडे अशा बऱ्याच केसेस लिहिलेल्या होत्या, तिला मी सहज विचारलं की कळ येतेय हे तुला बाईने सांगायच्या आधी हाताला कळतं का, तर ती गप्प झाली, कारण पोटावर हात ठेवून कोणाजवळ सलग बसायची वेळच तिच्यावर आली नव्हती.

तेव्हा मी एकच नियम केला. एक मुलगी, एक बाई. बाई ॲडमिट झाल्यापासून बाळ छातीशी लागून दूध प्यायला लागेपर्यंत आणि त्यानंतरचे पहिले दोन तास, ती मुलगी तिच्याजवळच. मध्ये दुसऱ्या टेबलावर कितीही हाका आल्या तरी जायचं नाही. इन्चार्ज सिस्टरांना हे आधी पटलं नाही, त्या म्हणाल्या केसेस पूर्ण कधी होणार ह्यांच्या, आणि मुलीही नाराज झाल्या, कारण पहिल्या बाळंतपणाच्या बाईजवळ अख्खी ड्युटी जाते आणि कधीकधी ड्युटी संपते तरी बाळ येत नाही. मग मी त्यांच्या कॉलेजच्या ट्यूटरशी बोलले, पोस्टिंगच्या सुरुवातीच्या आठवड्यांत आकड्याचा विषय काढायचा नाही असं ठरवून घेतलं. पुढे केसेस पूर्ण झाल्याच, आणि नंतरच्या केसेस त्या मुलींनी जास्त विश्वासाने केल्या हे मी स्वतः बघितलंय.

जवळ बसलं की काय काय शिकायला मिळतं हे सांगायला पाहिजे, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की ती मुलगी नुसतीच बसलीय. तिचा हात पोटाच्या वरच्या भागावर असतो, दहा मिनिटांत किती कळा येतात आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकते हे ती मोजते, आणि थोड्या वेळाने तिला बाईचा चेहरा बदलायच्या आधी पोट कडक होताना हाताला लागतं. बाळाचे ठोके ऐकायचे तर कळ ओसरल्यावर पूर्ण एक मिनिट ऐकायचे, मिनिटाला ११० ते १६० असले तर ठीक, आणि त्याच वेळी आईची नाडी दुसऱ्या हाताने धरायची, कारण डॉप्लरमध्ये, म्हणजे ठोके ऐकायच्या यंत्रात कधीकधी आईचेच ठोके येतात आणि आपण बाळ ठीक आहे असं समजून बसतो. हे पुस्तकात एका ओळीत असतं. पण मी नाडी धरलेला हात तिच्या हातात देऊन विचारते, दोन्ही एकच आहेत का वेगळे, सांग, आणि ते एकदा बोटांना कळलं की परत सांगायला लागत नाही. ॲक्टिव्ह लेबरमध्ये, म्हणजे कळांनी चांगला जोर धरल्यावर, ठोके दर १५ ते ३० मिनिटांनी ऐकायचे, आणि बाई जोर लावायला लागली की दर ५ मिनिटांनी. जी मुलगी जवळच बसलीय तिलाच हे वेळेवर जमतं, फिरणाऱ्या मुलीला नाही.

आणि थांबायला शिकणं. हे सगळ्यात अवघड जातं ह्या वयाच्या मुलींना. "मॅडम, दोन तास झाले, पिशवीचं तोंड एकच सेंटिमीटर वाढलंय, काहीतरी करायला पाहिजे ना?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. जुन्या पार्टोग्राफवर, म्हणजे कळांची प्रगती नोंदवायच्या चार्टवर वाढलेल्यांच्या डोक्यात तासाला एक सेंटिमीटर हा हिशोब पक्का बसलाय, पण डब्ल्यूएचओने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की ॲक्टिव्ह फेज ५ सेंटिमीटरपासून धरायची आणि आई-बाळ दोघं ठीक असतील तर फक्त तासाला एक सेंटिमीटर होत नाही म्हणून हस्तक्षेप करायचा नाही, आणि २०२० मध्ये लेबर केअर गाइडचा नवीन चार्ट आला त्यात हेच धरलंय. त्या चार्टची मला आवडणारी गोष्ट म्हणजे सगळ्यात आधी सोबत कोण आहे, वेदना कमी करायला काय दिलं, बाई तोंडाने पाणी घेतेय का, कुठल्या पोझिशनमध्ये आहे हे भरायचं असतं, ठोके वगैरे त्यानंतर. मी मुलीला तो चार्ट भरायला बसवते आणि विचारते, ह्यात कुठला आकडा तुला घाबरवतोय? बहुतेक वेळा एकही नसतो. मग चल, ताईंना उठवून चालव, कंबर चोळ, पाणी दे, लघवी झाली का बघ, भरलेल्या ब्लॅडरने पण डोकं खाली येत नाही. हे सगळं करता करता तिचं तिलाच कळतं की ह्याला काहीच न करणं म्हणत नाहीत.

आता पीव्हीबद्दल, म्हणजे बोटांनी आतून तपासण्याबद्दल. इथे मी फार कडक आहे. बाईला कळा येतायत, आणि एकामागोमाग एक तीन मुली शिकायला म्हणून तपासून जातायत, हे मला सहन होत नाही, इन्फेक्शनचा धोका आहेच आणि त्या बाईच्या शरीराचा हा अपमान आहे. पीव्ही साधारण दर चार तासांनी, तेव्हाच, आणि आधी मी स्वतः बाईला विचारते, "ताई, ही शिकतेय, मी इथेच उभी आहे, तिने तपासलं आणि मग मी तपासलं तर चालेल का? नको म्हणालात तरी तुमच्या देखभालीत काही फरक पडणार नाही." आणि हे विचारताना मुलीला समोर उभं करते, म्हणजे नको म्हणायचा हक्क म्हणजे काय ते तिने ऐकलं पाहिजे. बाई नाही म्हणाली तर विषय संपला, मुलीने तोंड पाडायचं नाही. होकार मिळाला तर आधी मुलगी तपासते, किती उघडलंय, किती पातळ झालंय, डोकं कुठे आहे हे ती बाहेर येऊन मला कागदावर लिहून देते, मग मी तपासून माझं सांगते. आधी मी सांगितलं तर तिला तेच लागतं जे मी सांगितलं, म्हणून हा क्रम. त्याच्याआधी सेंटिमीटरच्या गोलांची चकती असते ना, डोळे मिटून त्यात बोटं घालून अंदाज करायचा, ते आमच्या चेंजिंग रूममध्येच ठेवलंय, येता जाता करत राहायचं.

प्रत्यक्ष बाळ येताना काय करायचं हे आम्ही आधीच बोलून ठेवतो, कळा सुरू असताना नाही. हात तिचे, मी तिच्या शेजारी ग्लोव्हज घालून. सुरुवातीला माझा हात तिच्या हातावर असतो, डोकं किती वेगाने येऊ द्यायचं तो दाब शब्दात सांगता येतच नाही. पुढे माझे हात मागे जातात. आणि एक शब्द ठरलेला असतो, मी "आता मी" म्हटलं की तिने काही न विचारता हात काढायचे आणि बाजूला व्हायचं, त्यात तिची चूक झाली असं काही नाही, कारण नंतर सांगणार. हे आधी ठरलेलं असलं की बाईसमोर आरडाओरडा होत नाही. बाईसमोर स्टुडंटवर ओरडलं की दोघींचा विश्वास जातो, बाईला वाटतं माझ्या जिवाशी खेळ चाललाय आणि मुलीचे हात थरथरायला लागतात, आणि थरथरणारे हात कोणाच्याच कामाचे नाहीत.

मी हळू आवाजात बोलत राहते, जे मला दिसतंय आणि त्यावरून मी काय ठरवतेय ते सगळं. आता डोकं कळेबरोबर पुढे येतंय आणि मागे जातंय, म्हणून आपण थांबलोय. आता मागे जात नाहीये, म्हणून ताईंना जोर न लावता फुंकर मारायला सांग. नाळ गळ्याभोवती आहे का बोट फिरवून बघ. वर्षानुवर्षं काम केलेल्या सिस्टरच्या डोक्यात हे सगळं आपोआप होतं, आणि बघणाऱ्या मुलीला फक्त हात दिसतात, हातामागचा विचार दिसत नाही. तो बोलून दाखवला नाही तर ती नक्कल शिकते. हे बोलणं मला सुरुवातीला फार जड गेलं, सवय नव्हती, पण सगळ्यात जास्त उपयोग ह्याचाच झाला असं मुलीच सांगतात. आणि गंमत म्हणजे ते ऐकून बाईपण शांत होते, तिला कळतं की काय चाललंय.

बाळ आल्यावर सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं आणि आई मागे पडते. म्हणून तिसरी स्टेज, म्हणजे बाळ आल्यापासून वार पडेपर्यंतचा टप्पा, मी वेगळी घोटून घेते. पोटात दुसरं बाळ नाही ना हात ठेवून बघ, एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत, नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापायची, बाळ तोपर्यंत आईच्या पोटावर पुसून घेतलेलं. कळ आल्यावरच नाळेला हलका ताण द्यायचा आणि दुसरा हात गर्भपिशवी वर धरायला, आणि वार आल्यावर ती ट्रेमध्ये टाकून पळायचं नाही, पसरून दोन्ही बाजू बघायच्या की तुकडा आत राहिलाय का. रक्तस्रावाचा अंदाज डोळ्यांनी केला की तो जवळजवळ नेहमी कमीच येतो, हे मी मुलींना रंगीत पाणी पॅडवर आणि चादरीवर ओतून दाखवते, त्यांना आधी सांगायला लावते किती आहे, मग मोजलेलं भांडं दाखवते. अर्धा लिटर चादरीवर इतकंसं दिसतं हे बघून त्या हादरतात. २०२३ मध्ये ई-मोटिव्ह नावाची मोठी स्टडी आली, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० हॉस्पिटल्समध्ये, त्यात मोजपट्टीचा ड्रेप, म्हणजे बाईच्या खाली रक्त साठवणारी प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं आणि सगळे उपचार एकत्र लगेच सुरू केले तेव्हा गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. मुलींना हे सांगितल्यावर ड्रेप लावायची आठवण त्याच आम्हाला करून द्यायला लागल्या.

बाळ रडलं नाही तर काय, ह्याची भीती प्रत्येकीला असते आणि ती असायलाच पाहिजे. दर शंभरातली साधारण ८५ बाळं स्वतःहून श्वास घेतात, बाकीच्यांपैकी बहुतेकांना कोरडं करून पाठ चोळली की पुरतं, आणि थोड्यांना बॅग-मास्क, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा लागतो, पण त्या थोड्यांना तो पहिल्या मिनिटात लागतो. म्हणून प्रत्येक ड्युटीच्या सुरुवातीला, पेशंट असो नसो, मुलगी बॅग-मास्क स्वतः हातात घेऊन दाबून बघते, दोन्ही साइझचे मास्क आहेत का, सक्शन चालतंय का, आणि डमीवर छाती हलेपर्यंत श्वास देऊन दाखवते. रोज. कंटाळा येतो त्यांना, येऊ दे.

आता जे बोलायला अवघड आहे ते. पुस्तकात एक आणि वॉर्डात एक असं मुलींना सगळीकडे दिसतं. पुस्तकात लिहिलंय बाईला हव्या त्या पोझिशनमध्ये राहू द्या, वॉर्डात सगळ्या उताण्या झोपवलेल्या. पुस्तकात लिहिलंय योनीमार्गाजवळ सरसकट चीर द्यायची नाही, फंडल प्रेशर म्हणजे वरून पोट दाबणं द्यायचं नाही, आणि समोर कोणीतरी पोटावर दाबतंय. बाईवर ओरडणं, मारणंसुद्धा त्यांनी कुठे कुठे बघितलेलं असतं आणि त्या माझ्याकडे येऊन खालच्या आवाजात विचारतात, मॅडम, हे असंच असतं का? नाही. हे असं नसतं आणि नसायला पाहिजे, हे मी स्पष्ट सांगते, मागेपुढे न बघता. पण सिनियरशी भांडायची जबाबदारी मी स्टुडंटवर टाकत नाही, तिचं इंटर्नल मार्कांचं भविष्य तिच्या हातात नसतं. तिने मला येऊन सांगायचं, पुढचं मी बघते, आणि मी खरंच जाऊन बोलते. एकदा तरी बोलताना तिने मला बघितलं पाहिजे, नाहीतर माझ्या शिकवण्याला अर्थच नाही, कारण ती जे बघेल तेच उद्या करेल.

एका ड्युटीला एका मुलीच्या बाईचं बाळ गेलं. ॲडमिट होतानाच ठोके मिळाले नव्हते, सोनोग्राफीत खात्री झाली, आणि तरी बाळंतपण तर व्हायचंच होतं. मी तिला विचारलं, तुला राहायचंय का, नाही म्हणालीस तर मी दुसरी सोय करते. ती राहिली. पूर्ण वेळ त्या ताईंचा हात धरून बसली, फार काही बोलली नाही, बोलायचंही नसतं. नंतर बाळाला आम्ही दोघींनी मिळून पुसलं, गुंडाळलं, आईला बघायचंय का विचारलं, तिने घेतलं. त्यानंतर मुलगी स्टोअर रूममध्ये जाऊन रडली. आमच्याकडे अशा वेळी म्हणायची पद्धत आहे की सवय होईल, घट्ट व्हायला पाहिजे. मी ते म्हटलं नाही. तिच्याजवळ बसले, आणि ती थोडी सावरल्यावर काय काय झालं ते पहिल्यापासून क्रमाने तिच्याकडून बोलून घेतलं, कारण मुलींच्या डोक्यात नेहमी राहतं की माझ्या हातून काही राहिलं का. काही राहिलं नव्हतं, ते तिला केसपेपर दाखवून सांगितलं, नुसत्या शब्दाने पटत नाही. ट्यूटरला फोन करून कळवलं, होस्टेलला ती एकटी राहणार नाही हे बघितलं, आणि पुढचे काही दिवस मुद्दाम विचारत राहिले, झोप लागते का, जेवतेस का. पुढच्या बाळंतपणाला तिने हात लावायची घाई केली नाही, मीही केली नाही, तिने नुसते ठोके ऐकले आणि चार्ट भरला. तिच्या मनाने ती परत आली.

जगात मिडवाइव्ज कमी आहेत, २०२१ च्या जागतिक अहवालात ९ लाखांची तूट सांगितली होती. नवीन कॉलेजं काढा म्हणतात, काढावीत, पण ज्या मुली आज शिकतायत त्यातल्या किती जणी अशा एखाद्या रात्रीनंतर, किंवा सगळ्यांसमोर झालेल्या एखाद्या अपमानानंतर मनातून हे काम सोडून देतात, ते कुठल्या रजिस्टरमध्ये येत नाही.

फीडबॅकचं म्हणाल तर मी ड्युटी संपायच्या आधी दहा मिनिटं काढते, उभ्या उभ्या का होईना. आधी ती सांगणार काय नीट झालं आणि कुठे अडलं, मग मी, आणि दोनच गोष्टी, जास्त सांगितलं तर एकही राहत नाही. "छान केलंस" असं मोघम मी बोलत नाही, त्याने काही कळत नाही. कळ ओसरेपर्यंत थांबून ठोके ऐकलेस ते बरोबर, नाळ ओढताना वरचा हात सुटला होता तो उद्या बघू, असं.

आणि मार्कांचं काम माझ्याकडून काढून घ्या असं मी सुरुवातीपासून मागत होते. ब्रिटनमध्ये नर्स-मिडवाइफच्या नियामक संस्थेने, एनएमसीने २०१८ मध्ये नियम बदलले तेव्हा रोज शिकवणारी सुपरवायझर आणि पास-नापास ठरवणारी असेसर अशा दोन वेगळ्या व्यक्ती केल्या, आणि मला वाटतं ते अगदी बरोबर आहे. जिच्या हातात मार्क आहेत तिच्याकडे येऊन कुठली मुलगी सांगेल की मॅडम, मला आतलं काही कळलंच नाही, मी अंदाजे चार सेंटिमीटर सांगितलं? आणि तेच तर मला कळायला पाहिजे. आमच्याकडे आता फायनल असेसमेंट दुसरी सिस्टर करते, मी फक्त माझ्या नोंदी देते, आणि त्या नोंदी आधी मुलीला वाचून दाखवते.

इन्चार्ज सिस्टरांकडे सध्या माझं एकच मागणं पडून आहे. ज्या दिवशी माझ्याकडे स्टुडंट्स आहेत त्या दिवशी मला एक पेशंट कमी द्या आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त मुली पाठवू नका. सकाळच्या ड्युटीला ते मान्य झालंय. रात्रीचं अजून नाही, माणसंच कमी असतात म्हणतात, ते खरंही आहे, पण रात्री वॉर्ड शांत असतो, राऊंड नसतो, एका बाईजवळ मुलीला सलग बसता येतं, म्हणून मुली रात्रीच याव्यात असं मला जास्त वाटतं. पुढची बॅच लागायच्या आधी परत एकदा लेखी अर्ज देणार आहे, ह्यावेळी ट्यूटरचीही सही घेऊन.